आबा, ताशेवाले आणि आण्णांचे कान

आमच्या घरात परदेशी गाणी आली ती आण्णांच्या डब्याच्या पिशवीतून. सकाळी त्या पिशवीत आई धपाटे, दही आणि एक कांदा भरून द्यायची, आणि संध्याकाळी रिकाम्या डब्यासोबत कधीकधी एखादी कॅसेट घरी यायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, एका शेठच्या टुरिस्ट गाडीवर ड्रायव्हर होते. स्टेशनजवळच्या हॉटेलांतून परदेशी पाहुणे उचलायचे, एक दिवस वेरूळ-दौलताबाद, एक दिवस अजिंठा, वेळ उरला तर परतताना मकबरा, असा त्यांचा आठवडा असे. पाहुणे आपापल्या कॅसेट घेऊन यायचे, गाडीच्या टेपमध्ये लावायचे, आणि निरोप घेताना ऐकून ऐकून कंटाळा आलेली एखादी आण्णांच्या हातात ठेवायचे. कुणी विसरून गेलेली कॅसेट मात्र आण्णा दुसऱ्या दिवशी हॉटेलात नेऊन द्यायचे. हा त्यांचा प्रामाणिकपणा मला आणि दादाला अजिबात आवडत नसे, आणि तसं आम्ही त्यांना तोंडावर सांगायचो.

पदमपुऱ्यात आमच्या दोन खोल्या होत्या, पुढे फरशीचा ओटा. बाहेरच्या खोलीत फळीवर टेप, आतल्या खोलीत स्टोव्हजवळच्या कोनाड्यात आईचा रेडिओ. मराठी गाणी, बातम्या, शेतीचे कार्यक्रम हे सगळं रेडिओवर. टेप फक्त परदेशी गाण्यांसाठी, कारण कॅसेट विकत आणायची आमच्या घरात रीतच नव्हती आणि फुकट यायच्या त्या सगळ्या परदेशी. हा टेप दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, विलासने, परगावी निघालेल्या एका मित्राकडून पटवून आणला होता. त्याचं एक बटण तुटलेलं होतं. ते चमच्याच्या दांड्याने दाबावं लागे, त्यामुळे आईचा एक चमचा कायम स्वयंपाकघराबाहेर असायचा आणि "माझा चमचा कुठंय रं?" ही ओळ आमच्या प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला ठरलेली असायची. आम्ही त्या टेपमध्ये एकदा आमचे आवाजही भरून पाहिले. ते हुबेहूब आमचेच निघाले. टेप एकदम खणखणीत आहे, असं आम्ही दोघांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

कॅसेटना कव्हरं नसायची. वरची नावं घासून गेलेली, आणि जी उरलेली ती इतक्या वळणदार इंग्रजीत की दादाच्या कॉलेजच्या इंग्रजीलाही दाद देत नसत. मग आम्हीच नावं ठेवली. चार-पाच जणांचा एक धडाडा वाजवणारा जथा होता, ते ताशेवाले. एका कॅसेटमध्ये गाण्याच्या मागे सतत शिलाई मशीनसारखं काहीतरी चालायचं, ते शिंपी. नाकातून गाणारा एक जण होता, त्याचं नाव सर्दी. ही नावं पुढे इतकी पक्की झाली की मोठेपणी त्यांची खरी नावं कळली, टीव्हीवर चेहरे दिसले, केवढी मोठी माणसं होती तेही समजलं, पण मला अजूनही त्यातला एक जण दिसला की तोंडातून आधी "सर्दी" निघतं.

नुसती नावं ठेवून आम्ही थांबलो नाही. दोनशे पानी वहीच सुरू केली. प्रत्येक गायकाला एक पान आणि शंभरपैकी गुण. आवाजाचे चाळीस, वाद्यांचे तीस आणि दुःखाचे तीस. दुःखाला वेगळे गुण ठेवावे लागले, कारण आमच्या टेपवर जो येई तो दुःखी असे. संथ, जड, खोल गेलेली माणसं. परदेशातला माणूस आतून फार खचलेला असतो आणि गिटार हाती घेतल्याशिवाय त्याला ते बोलता येत नाही, असा एक मोठा निष्कर्ष मी पंधराव्या वर्षी काढला होता आणि वर्गातल्या मुलींना तो मधल्या सुट्टीत समजावून सांगत असे. ताशेवाल्यांबद्दल मी लिहिलं होतं, "टोला मारण्याआधी विचार करतात. उथळपणा नाही. ७८." शिंप्यांबद्दल, "म्हातारा शिंपी जेवून उठल्यावर मशीनवर बसल्यासारखे वाजवतात. झोप येते. ४१." सर्दीबद्दल दादाने लिहिलं, "आत्ताच उठलाय. ५५." मधे लांबलचक नुसती गिटार वाजते तेव्हा गायक पाणी प्यायला जातो, असं दादाचं म्हणणं होतं. माझं म्हणणं वेगळं होतं. मला वाटायचं की शब्द तर आपल्याला कळतच नाहीत, तेव्हा आपल्याशी खरं बोलते ती गिटारच. यावरून आमची एकदा तीन दिवस बोलाचाली बंद होती.

त्या वादात मी बरोबर होते, आणि आज साठी उलटली तरी माझं मत तसूभरही हललेलं नाही. हल्लीचे मोठमोठे गायक मी सिडकोतल्या घरी भिंतीएवढ्या टीव्हीवर बघते. मागे पन्नास नाचणारे, वर आतषबाजी, गायिका दोरीला लटकून स्टेजवर उतरते. गाताना इतकी धावपळ करावी लागत असेल तर गाण्यातच काहीतरी कमी आहे, असं मी नातीला सांगते. ती म्हणते, "आजी, तू नको बघू." पण बघितल्याशिवाय नावं कशी ठेवणार?

आईचं या सगळ्यावर एकच मत होतं, "रडगाणी." तिने एकदाच आमच्या टेपला हात लावला. शेजारच्या काकूंनी एका महाराजांच्या कीर्तनाची कॅसेट तिला दिली होती. दुपारी पदर सावरून, हात जोडून ती टेपसमोर बसली. महाराज इतके सावकाश बोलत होते की एक अभंग संपेपर्यंत आईच्या दोन डुलक्या झाल्या. कॅसेट परत करताना ती काकूंना काळजीने म्हणाली, "महाराज लई थकलेले वाटले हो. उपास फार करतेत का?" काकूंना काहीच कळलं नाही. आम्हालाही कळलं नाही, आणि तिथेच सगळं कळायला हवं होतं.

आण्णा संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे. आतून गाणी ऐकू यायची. मग ते गाणं गाडीत कसं वाटलं होतं ते आठवून तेही आपलं मत सांगायचे, न विचारता. माणूस पाचवी शिकलेला, पण गाण्याबद्दल त्यांची एक स्वतःची कसोटी होती. ते म्हणायचे, "मला शब्द काय कळतेत? मी आरशात बघतो. गाणं लागलं का मागची माणसं बोलायची थांबली, तर गाणं चांगलं. खिडकीतून बाहेर बघाया लागली, तर लई चांगलं. आन डोळे मिटले, तर मंग मी हॉर्न बी हळू वाजवतो." आज मी कितीतरी समीक्षा वाचल्या आहेत, इंग्रजीसुद्धा, पण याहून चांगली कसोटी मला कुणी दिलेली नाही. तेव्हा मात्र आम्हाला हसू यायचं, कारण त्यांची मतं नेमकी आमच्या उलट असायची. शिंप्यांबद्दल ते म्हणाले, "लई घाईत हायेत गडे. लग्नसराईत शिंप्याला उसंत नसती ना, तसं." ताशेवाल्यांबद्दल, "भूत मागं लागल्यासारखे पळतेत." सर्दीबद्दल, "हा कुनाशी तरी भांडतोय, अन् भांडण जिंकणार हाय." आम्ही एकमेकांकडे बघायचो. झोपाळू शिंपी घाईत? दादाने वहीच्या शेवटच्या पानावर 'आण्णांची मतं' असा मथळा घातला आणि आम्ही ती एकेक करून तिथे उतरवू लागलो. दादाचे मित्र आले की ते पान मोठ्याने वाचायचं आणि सगळ्यांनी पोट धरून हसायचं, हा आमचा रविवारचा कार्यक्रम झाला.

मग ती कॅसेट आली. दोन परदेशी मुली अजिंठा बघायला आल्या होत्या. जाताना-येताना त्यांनी एकच कॅसेट लावली, आणि संध्याकाळी उतरताना ती आण्णांना दिली. आण्णा त्या दिवशी चपला काढायच्या आधीच पिशवीत हात घालून म्हणाले, "शोभे, ही लाव. ही बाई लई ग्वाड गाती. सिल्लोडला मी चहाला गाडी थांबवली तर पोरी उतरेनात, म्हणल्या गाणं संपू द्या. मी बी तसाच बसून ऱ्हायलो."

मी चमचा आणला, बटण दाबलं. घुर्र झालं आणि आवाज आला. भारदस्त, खर्जातला, सावकाश. एखादे मिशाळ आजोबा पारावर बसून जुनी गोष्ट सांगतायत असा. दादा खो खो हसत सुटला.

"आण्णा, ही बाई? बाप्या हाय तो!"

"गाडीत तर बाईच गात होती," आण्णा म्हणाले. ते टेपजवळ सरकले, मान तिरकी करून एक कान जाळीला लावला. गाणं संपेपर्यंत तसेच राहिले. मग दुसरा कान लावला.

"गाडीच्या आवाजात तुम्हाला नीट ऐकू आलं नसंल," मी म्हणाले. मी हे वाईट हेतूने म्हणाले नव्हते. त्यांची समजूत काढायला म्हणाले होते. पण वाक्य माझंच होतं, हे मी आजही विसरलेले नाही.

आण्णा उठून चपला काढायला बाहेर गेले. त्या गायकाचं नाव आम्ही आबा ठेवलं आणि त्याला ब्याण्णव गुण दिले. त्यातले दुःखाचे तीसपैकी तीस. शेवटच्या पानावर दादाने लिहिलं, "आबांना बाई म्हणाले." तो रविवार फारच रंगला.

त्यानंतर आण्णा ओट्यावर बसत, पण मतं सांगेनासे झाले. आधी मला ते बरंच वाटलं. मग मी बघितलं, कुणी हाक मारली की ते कानामागे हात धरायचे. आई काही बोलली की, "काय म्हणालीस?" गाडी पुसताना इंजिन चालू ठेवून चारही बाजूंनी फिरून ऐकत उभे राहायचे. अजिंठ्याची फेरी आली की शेठला सांगायचे, दुसऱ्याला द्या, मी स्टेशन ते मकबरा करतो. अजिंठ्याला जायला मिळावं म्हणून ड्रायव्हर लोक शेठच्या मागे लागत, आणि आण्णा ती सोडत होते.

एका सोमवारी सकाळी आई परातीत धपाट्याचं पीठ मळत होती. सोमवारी अजिंठा बंद, पाहुणे कमी, म्हणून आण्णा उशिरा उठून अंघोळीला गेले होते. आई हळू आवाजात म्हणाली, "शोभे, त्यांचे कान चालले."

"कोण म्हणतं?"

"तेच म्हणतेत. त्या बाईच्या गाण्यापासून मनात घेतलंय. म्हणतेत, बाप्याचा आवाज मला बाईचा वाटला, मंग घाटात हॉर्न वाजला आन मला दुसरंच काय वाटलं तर? मागं दुसऱ्यांची लेकरं बसलेली असतेत." तिने पिठाला एक जोरात बुक्की मारली. "आज जेवून शेठकडं जाणारेत, चावी द्याया. चितेगावला कारखान्यात वॉचमन पाहिजे म्हणून कोणी सांगितलंय. रातभर गेटावर बसायचं. ह्यांना बसवंल का गं एका जागी? अठरा वर्षं गाडी चालवली त्यांनी."

खरं सांगायचं तर मला अजूनही वाटत होतं की कान आण्णांचेच गेले आहेत. वाईट वाटलं ते एवढंच, की हे त्यांना आमच्यामुळे कळलं. त्यांना थांबवायला माझ्याकडे काही नव्हतं. डोकं सुन्न झालं की मी जे करत असे तेच केलं, बाहेरच्या खोलीत जाऊन टेप लावला. आबांनी एक ओळ म्हटली, मग दुसरी, आणि मग आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा खाली खाली जात बंद पडला. आत काहीतरी तुटलं होतं. दादा कॉलेजला गेला होता. मी टेप पिशवीत घातला, सायकलला अडकवला आणि जुन्या बाजारात रशीदभाईंच्या दुकानात गेले.

रशीदभाईंचं दुकान म्हणजे दोन पावलांची जागा. भिंतभर उघडलेले रेडिओ, आणि मधे स्टुलावर पांढऱ्या दाढीचे ते. त्यांनी टेपची पाठ उघडली, आतून एक तुटलेला काळा रबरी पट्टा चिमट्याने वर काढला आणि हसले.

"हौ, ये तो गया. और ये पेंच देख बेटी, मोटर का. किसीने उल्टा घुमाके रख दिया. तेरा टेप तो कबसे सुस्त चल रा था."

"सुस्त नहीं था. बराबर चलता था," मी ठसक्यात म्हणाले. सगळ्या विषयांवर मत असण्याची सवय जडली होती ना.

त्यांनी वाद घातला नाही. नवा पट्टा बसवला आणि खणातून एक मळकी कॅसेट काढून टेपमध्ये घातली. त्यातून त्यांचाच आवाज आला, पण गुंगी आल्यासारखा, "एऽक, दोऽ, तीऽन, रशीऽद, जुनाऽ बाजाऽर." ते एका चांगल्या मशीनवर त्यांनी भरून ठेवलेलं होतं. आता ते त्या आवाजाबरोबर स्वतः मोठ्याने म्हणू लागले, "एक, दो, तीन, रशीद, जुना बाजार," आणि म्हणता म्हणता बारीक स्क्रू ड्रायव्हरने तो पेंच फिरवू लागले. टेपमधले रशीदभाई हळूहळू जागे होत गेले. चौथ्या-पाचव्या वेळेला टेपमधला माणूस आणि स्टुलावरचा माणूस एकाच दमात, एकाच आवाजात बोलले. रशीदभाईंनी हात झटकले. "बस. अब मिल गए दोनों."

मग त्यांनी माझी कॅसेट घातली, आणि आबांच्या जागी एक पोरगी गायला लागली.

तरणी, खट्याळ, धावत जिना उतरून यावी तशी. मागे गिटार नाचत होती. दुःखाचा मागमूस नव्हता. मी म्हणाले, तुम्ही फार जोरात पळवलंय. त्यांनी परत आपली कॅसेट लावून दाखवली, परत तोंडाने म्हणून दाखवलं. मी शेवटचा दाखला काढला, "लेकिन हमने हमारा आवाज भरा था. वो तो बराबर आता था!"

"भरते वखत भी सुस्त, बजाते वखत भी सुस्त. फिर फरक कैसे मालूम पडता?" ते म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "क्या हुआ बेटी? रो कायकू रई?"

मी टेप पिशवीत घातला आणि तशीच सायकलवर बसले. जुना बाजार ते पदमपुरा हे अंतर मी कसं कापलं ते आठवत नाही, पण घरी पोचले तेव्हा ओट्यावर आण्णांच्या चपला दिसल्या आणि मला हायसं वाटलं. ते आत जेवत होते. ताटात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वाटीत येसराची आमटी. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात चावी.

"आण्णा, हे ऐका."

"आता नको गं बाई," ते म्हणाले. "मला काय कळतं त्यातलं."

हे ते रागाने म्हणाले असते तर मला चाललं असतं. ते अगदी साधेपणाने म्हणाले. मी आईच्या हातातून चमचा ओढून घेतला, टेप त्यांच्या ताटासमोर ठेवला आणि बटण दाबलं.

पोरगी गायला लागली. आण्णांचा घास हातातच राहिला. आमटी मनगटावरून ओघळली, तरी त्यांनी हात हलवला नाही. गाणं पूर्ण संपलं.

"हीच ती," ते म्हणाले. "गाडीतली."

"व्हय."

"बाई हाय."

"बाईच हाय आण्णा. आमचा टेपच हळू चालत होता, पहिल्या दिवसापासून. तुमचे कान चांगले हायेत. बहिरे आम्हीच होतो." एवढं बोलून मी भोकाड पसरलं.

आई टेपकडे संशयाने बघत होती. "मंग ते महाराज?" तिने विचारलं. "ते थकलेले नव्हते?" आणि ती तशीच ओल्या हाताने काकूंकडे कीर्तनाची कॅसेट मागायला निघाली.

आण्णांनी घास तोंडात घातला. सावकाश चावला. चेहऱ्यावर काहीतरी पसरत गेलं आणि ते म्हणाले, "म्हंजे शिंपी घाईतच हायेत?"

"घाईतच हायेत."

"आन ताशेवाले पळतेत?"

"पळतेत, आण्णा."

"मंग त्या मागच्या पानावर तसं लिहून ठेव."

मी रडायची थांबले. त्या पानाबद्दल त्यांना आम्ही कधी सांगितलं नव्हतं.

"ओट्यावर सगळं ऐकू येतं गं," ते म्हणाले. "दर रविवारी ऐकत होतो. तुझं हसणं विलासपेक्षा मोठं हाय."

लाजेने मला जमिनीत शिरावंसं वाटलं. तरी मी विचारलंच, एवढं लख्ख ऐकू येत होतं, तर कान गेले असं वाटलं तरी कसं?

त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा ताटात फिरवला. "तुम्ही शिकलेली लेकरं. दोघंबी एकच सांगत होता. मला वाटलं, आपलंच चुकत असंल."

त्या दुपारी ते शेठकडे गेलेच नाहीत. दादा कॉलेजातून आला तेव्हा मी त्याला एक अक्षर न सांगता गाणं लावलं, आणि त्याचा चेहरा बघण्यात मला जरा समाधानही मिळालं. संध्याकाळी आम्ही वही काढली आणि सगळ्या कॅसेट पहिल्यापासून ऐकल्या. मधे आण्णा मांडी घालून बसलेले. ताशेवाले खरोखर पळत होते. सर्दी खरोखर भांडत होता आणि जिंकत होता. दुःखाचा रकाना जवळजवळ सगळा खोडावा लागला. गुण आण्णा सांगत होते, मी लिहीत होते. शिंप्यांना त्यांनी ऐंशी दिले, "मेहनत हाय" म्हणून. त्या मुलीचं नाव मात्र त्यांनी बदलू दिलं नाही. आबाच राहू दे म्हणाले, त्या आबांनीही बिचाऱ्यांनी तुम्हाला इतके दिवस गाणी म्हणून दाखवली.

परवा नात माझ्याशेजारी बसून फोनवर काहीतरी ऐकत होती. खर्जातला, सुस्तावलेला आवाज. मी म्हणाले, "ही मुलगी आहे." ती चकित झाली. हल्लीची पोरं म्हणे चांगली धावती गाणी मुद्दाम हळू करून ऐकतात, तशी केलेली आयती मिळतात, लाखो लोकांना आवडतात. "तुला कसं कळलं, आजी?" तिने विचारलं. मी म्हटलं, आम्ही हा शोध एका उलट्या फिरवलेल्या पेंचावर आधीच लावून ठेवला होता. तिला ही गोष्ट सांगितली, आणि सांगताना वाटलं की ही लिहून ठेवावी.

तेव्हा टेप दुरुस्त झाल्यावर पुढच्याच आठवड्यात आण्णांनी अजिंठ्याची फेरी मागून घेतली. घाटाखालच्या फर्दापूरहून पाहुणे आणायचे होते, जाताना गाडी रिकामी होती. शेठला विचारून त्यांनी मला आणि दादाला मागे बसवलं. येताना आम्ही एसटीने यायचं ठरलं. आई सिल्लोडपर्यंत पुढे बसून आली आणि तिथे बहिणीकडे उतरली. आण्णांनी ती कॅसेट लावली होती. मी खिडकीतून बाहेर कपाशीची शेतं बघत होते आणि दादा बोलायचा थांबला होता. आण्णा आरशातून आमच्याकडे बघत होते, हे मला दिसत होतं.

अजिंठा गाव मागे पडलं आणि घाट लागला. पहिल्या वळणावर आण्णांनी टेपचा आवाज कमी केला आणि लांबलचक हॉर्न दिला. मग आरशात बघून, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता त्यांनी विचारलं, "आला का रं ऐकू?"

"आला, आण्णा," आम्ही म्हणालो.

दुसऱ्या वळणावर परत हॉर्न. "आला का?"

"आला."

तो घाट उतरेपर्यंत एकही वळण त्यांनी सोडलं नाही.